ज्या वर्षी सगळ्यांचे फोटो हलले

आमच्या फोटो क्लबची सभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी भरायची. भंडाऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली आहे, तिथे. खिडक्यांवर जाड चादरी टांगायच्या, दार लावून घ्यायचं, आणि समोरच्या भिंतीवर एकेक फोटो यायचा. फोटोखाली नाव नसायचं. परीक्षक पुढच्या खुर्चीत बसून बोलायचे आणि ज्याचा फोटो असेल तो अंधारात मान खाली घालून ऐकायचा. कोणाचा फोटो आहे हे कोणाला कळू नये असा नियम होता. पण आमचा क्लब तो केवढा. कोण कोणत्या गावचा, कोणाच्या अंगणात कोणतं झाड, हे सगळ्यांना ठाऊक. भिंतीवर फोटो आला की दोन-चार माना बरोबर त्या माणसाकडे वळायच्या.

मी आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. कॅमेरा माझ्या दिराचा. तो नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा घरी ठेवून गेला आणि कपाटात बुरशी धरेल म्हणून मी तो वापरायला काढला. पुढे मला त्याचा नादच लागला. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं म्हणून मी क्लबात गेले. पहिल्या दोन-तीन सभा नुसती बसून ऐकलं. मग धीर करून फोटो द्यायला लागले, आणि तिथून माझे रविवार बिघडले.

शनिवारी संध्याकाळपासून जेवण जायचं नाही. रविवारी सकाळी पोटात मुरडा येऊन दोनदा-तीनदा संडासला जावं लागायचं. वाचनालयाचा जिना चढताना मी कठडा धरून चढायचे. परीक्षेच्या दिवशी पोरांची पोटं का दुखतात हे इतकी वर्षं शाळेत काढूनही मला कळलं नव्हतं, ते त्या जिन्यावर कळलं.

परीक्षक म्हणजे आमचे सर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. भंडाऱ्यातल्या अर्ध्या लोकांनी पेन्सिल धरायला त्यांच्याकडून शिकलेलं. क्लबही त्यांनीच काढलेला. फिल्मच्या जमान्यात ते स्वतःच्या न्हाणीघरात फोटो धुवायचे, असं जुने सभासद सांगायचे. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट खोचलेला. खुर्चीत बसले की ते छापील मराठी बोलायचे. "या छायाचित्राचा केंद्रबिंदू हरवलेला आहे." "छायाचित्रकाराने काय दाखवायचे ते ठरवलेले नाही." आवाज कधी चढायचा नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं असा तो आवाज होता.

त्या वर्षी पावसाळ्यात मी माहेरी, सिहोऱ्याला गेले होते. धानाची रोवणी चालू होती. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पोटरीभर पाणी, आणि बायका ओळीनं वाकून रोपं खोचत मागे मागे सरकत होत्या. त्यांच्यात माझी वहिनी. बऱ्याच वेळानं ती कंबर धरून सरळ उभी राहिली आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कॅमेरा लावून बसलेली मी तिला दिसले. ती हसली. हात चिखलानं भरलेले, म्हणून तिनं मनगटानंच कपाळावरचे केस मागे सारले. तेवढ्यात मी बटण दाबलं. तिच्या मागे सगळं पाणीच होतं, ढगाळ उजेडात पांढरं पडलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हा फोटो मी काढला, आपोआप निघाला नाही.

तो मी त्या महिन्याच्या सभेतल्या स्पर्धेला दिला.

तो भिंतीवर आला तेव्हा सर खुर्चीत पुढे झुकले. त्यांनी मान थोडी वाकडी केली, मग दुसरीकडे वाकडी केली. माझे कान गरम झाले. शेवटी ते म्हणाले, "हात हलला आहे."

मग ते खुर्चीत मागे टेकले.

"मुख्य व्यक्तीचा चेहरा स्पष्ट नाही. कॅमेरा हातात स्थिर राहत नसेल तर तिपाई वापरावी. हा फोटो घरच्या अल्बमसाठी ठीक आहे. पुढचा घ्या."

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. मोठ्यानं नाही, नाकातून. मी मांडीवरची ओढणी घट्ट धरून बसले. पुढचे सगळे फोटो माझ्या डोळ्यांसमोरून गेले, पण मला त्यातला एकही आठवत नाही.

घरी आल्याबरोबर मी तो फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. वहिनीच्या पापणीवरचा पाण्याचा थेंब दिसत होता. नाकावर चिखलाचा बारीक ठिपका होता, तोही दिसत होता. मी नवऱ्याला हाक मारली. तो पाटबंधारे खात्यात कारकून आहे, फोटोशी त्याचा संबंध लग्नाच्या अल्बमपुरता.

"हे पाहा बरं. हललं आहे का?"

त्यानं वाकून पाहिलं. "मले त साफ दिसून राहिलं."

"सर म्हणाले हललंय."

"मंग सरायले विचार ना कुठं हाललं ते."

"तुम्हाला काय समजतं त्यातलं," मी म्हणाले आणि संगणक बंद केला.

माझी भीती किती खोल गेली होती हे मला त्या दिवशी तरी कळायला हवं होतं. पापणीवरचा थेंब मला दिसत होता. नवऱ्याला दिसत होता. तरी मला खात्री होती की आम्हा दोघांनाच बरोबर दिसत नाही.

मी तिपाई आणली. श्वास रोखून फोटो काढायला लागले. वैनगंगेच्या काठावर कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून, बटणाला हातसुद्धा न लावता, आपोआप निघेल असं करून काढलेला नावेचा फोटो मी पुढच्या महिन्यात दिला. सरांनी तसंच मान वाकडी करून पाहिलं. "तीक्ष्णता नाही," ते म्हणाले. त्याच्या पुढच्या महिन्यात बगळ्यांचा फोटो दिला. "हललेला आहे."

नंतर मी फोटो देणं बंद केलं. सभेला मात्र जात राहिले. जायचं सोडलं असतं तर भिऊन पळाली असं म्हणतील, याचीही भीती होती.

त्या वर्षी फक्त माझेच फोटो हलत नव्हते. सगळ्यांचेच हलत होते. औषधाचं दुकान चालवणारे एक गृहस्थ क्लबात होते. मोठे हौशी, कोक्याच्या जंगलात पहाटे जाऊन बसणारे. त्यांच्या हरणांना सरांनी लागोपाठ तीनदा "अस्पष्ट" म्हटलं. सभेनंतर चहा पिताना ते म्हणाले, "आता का भंडाऱ्यात भूकंप होऊन राहिला का रोज?" आम्ही हसलो. पण सरांकडे पाठ करून हसलो. सरांचं चुकत असेल असं आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही. त्या गृहस्थांनीही पुढे जंगलात जाणं कमी केलं.

शाळेतही या सगळ्याचा परिणाम व्हायला लागला. वह्या तपासताना हातात लाल पेन असायचं आणि मी थांबून जायचे. एखाद्या पोरीनं निबंधात काही वेगळं लिहिलेलं असलं की वाटायचं, हे चुकलं आहे की मला समजलं नाही? मग मी काहीच न लिहिता सही करून वही परत द्यायचे. तेही बरोबर नव्हतं.

हिवाळ्यात क्लबनं जिल्हाभराची स्पर्धा ठरवली. तुमसर, पवनी, साकोली, सगळीकडून फोटो येणार होते आणि परीक्षक सरच. घरी नवरा म्हणाला, "वहिनीचा फोटो दे."

"नको."

"काहून भेते एवढी? मंग कायले जाते तू तिथं? एकदा त्याहिच्या घरी जाऊन विचार. खाऊन त नाही टाकनार."

मी चार दिवस विचार केला, मग वहिनीच्या फोटोची मोठी प्रत काढली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि शाळा सुटल्यावर सरांच्या घरी गेले. फाटकापाशी स्कुटी उभी केली तेव्हा वाटलं, आत्ताच किक मारून परत जावं.

काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दार उघडलं. "या जी मॅडम. बसा. व्हरांड्यात आहेत ते."

सर वेताच्या खुर्चीत बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मी नाव सांगितलं आणि मग सगळं एका दमात बोलून टाकलं. पावसाळ्यात मी एक फोटो दिला होता, तुम्ही म्हणालात हात हलला आहे, मला कुठे हलला ते समजलं नाही, समजलं तर पुढच्या वेळी सुधारता येईल. मी फोटो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. नाकाजवळ नेला. मग मान बाजूला वळवून, कोंबडी एका डोळ्यानं दाण्याकडे पाहते तसं पाहिलं. काकू दारातच उभ्या होत्या.

"चांगला आहे," सर म्हणाले. "आकाश भरपूर ठेवलंत. मोकळं वाटतं."

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

"सर," मी म्हणाले, "ते पाणी आहे. बांधीतलं."

त्यांचे हात फोटोवर तसेच राहिले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग सरांनी फोटो मांडीवर ठेवला. त्यानंतर ते बोलले ते छापील मराठीत नव्हतं. सरांना घरचं बोलणं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मले दिसत नाही ना बाई."

मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"मधातलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसते. मधात काळा डाग हाये. तुम्ही समोर बसल्या आहा, तुमचे खांदे दिसून राहिले, खुर्ची दिसून राहिली. तोंडाच्या जागी काहीच नाही."

ते माझ्याकडेच पाहत होते. मला अचानक माझं तोंड आहे की नाही असं झालं. मी नकळत गालाला हात लावला आणि लगेच वाटलं, हेही त्यांना दिसलं नाही.

काकू म्हणाल्या, "नागपूरले नेलं होतं. डोळ्यात इंजेक्शन देते तिथं. गेलेलं परत येत नाही म्हणते डॉक्टर, आहे तेवढं टिकलं त टिकलं."

"मग सर, वर्षभर..." मी म्हणाले.

"जे समजलं नाही त्याले हललं म्हणलो," सर म्हणाले. "काय करू? भिंतीवर फोटो यायचा, मधात डाग. लोक चूप बसून वाट पाहे. मले घाम फुटे. काहीतरी बोलावं लागे."

"पण सांगायचं ना सर."

"भेव वाटे." त्यांनी फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं. "डोळ्यावरच त जगलो मी. पोरं अजून रस्त्यात पाया पडते, सर म्हणते. उद्या म्हणतील, आंधळा आपल्या फोटोले नावं ठेवत होता."

मला राग यायला हवा होता. माझे किती रविवार गेले होते. पण समोर बसलेला माणूस माझ्यासारखाच घामेजला होता आणि मला फक्त तिथून उठून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "जिल्ह्याच्या स्पर्धेत तुम्ही माझ्या बाजूले बसा. गुण लिहायले म्हणून. कानात सांगा काय दिसते ते. एवढी एकच स्पर्धा. मंग मी तब्येतीचं कारण सांगून सोडतो."

नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही. घरी जाताना पुलावर गार वारा लागत होता. आता माझी भीती तिप्पट झाली होती. आधी माझा फोटो वाईट ठरेल एवढीच होती. आता सगळ्यांसमोर दोघंही पकडले जाऊ ही होती, आणि ज्यांचे फोटो माझ्या कुजबुजण्यावर ठरणार होते त्यांचं काय, ही तिसरी. नवऱ्यालाही मी काही सांगितलं नाही. माझा फोटो मात्र स्पर्धेला दिला नाही. तेवढं एक डोकं ठिकाणावर होतं.

स्पर्धेसाठी मोठं सभागृह घेतलं होतं. खुर्च्या सगळ्या भरल्या. काही लोक घरच्यांना घेऊन आले होते. मी सरांच्या उजव्या बाजूला गुणांचे कागद घेऊन बसले. क्लबचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम यंदा सरांना मदत करतील," आणि टाळ्या वाजल्या. मी कागद परत परत सरळ करत राहिले.

सुरुवातीला जमलं. फोटो आला की मी तोंडावर कागद धरून पुटपुटायचे. "नदी, सकाळ, दोन नावा, डावीकडे उजेड." सर मान हलवायचे आणि त्यांच्या छापील मराठीत काहीतरी बोलायचे. त्यांना अनुभव इतका होता की चार शब्दांवरून ते योग्य तेच बोलायचे. कोणाला शंका आली नाही. मला वाटायला लागलं, निभेल.

मग एक फोटो आला. सगळीकडे वाळत घातलेली लाल मिरची आणि मधोमध बसून मिरची निवडणारी एक म्हातारी. तोंडाला पदर बांधलेला, फक्त डोळे उघडे. ते डोळे इतके स्पष्ट होते की मी दोन क्षण बघतच राहिले आणि सांगायला उशीर झाला. मी सांगायला लागले तोच मागे कोणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. सरांना काही ऐकू आलं नाही. लोक वाट पाहत होते. सर खाकरले.

"मध्यभाग हललेला आहे," ते म्हणाले. "चेहरा हरवला."

तिसऱ्या रांगेतून एक माणूस उठला. तिशी-पस्तिशीचा, अंगात स्वेटर. असं मधेच उठायची रीत नव्हती. अध्यक्षांनी त्याला हातानं बसायला खुणावलं, पण तो उभाच राहिला.

"सर, मी कोंढ्याहून आलो. माझा फोटो होय हा. माझी आजी आहे ती." त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. "तिपाईवर ठेवून काढला मी. कुठं हालला ते दाखवा जी. शिकायलेच आलो."

मी माझ्या नवऱ्याच्या सांगण्यावरून सरांच्या व्हरांड्यात विचारलं होतं तेच तो दोन-तीनशे लोकांसमोर विचारत होता.

अध्यक्षांना वाटलं, ही चांगलीच संधी आहे. ते हसून म्हणाले, "सर, दाखवूनच द्या. सगळ्यांनाच फायदा होईल." आणि त्यांनी लाल ठिपका पाडणारा तो छोटा लेसर सरांच्या हातात दिला.

सर उभे राहिले. त्यांनी बटण दाबलं. लाल ठिपका लाल मिरचीवर पडला आणि तिथेच हरवल्यासारखा झाला. मग तो हलला. म्हातारीच्या खांद्यावरून खाली गेला, मिरचीवर फिरला, वर आला, चेहरा चुकवून पडद्याच्या कडेला गेला, आणि कडेवरून उतरून बाजूच्या भिंतीवर, विजेच्या बटणांवर जाऊन थांबला. पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. सर भिंतीवरच्या बटणांवर लेसर रोखून उभे होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

मी त्यांच्या शर्टाची बाही पाहत होते. मला वाटलं, मी आत्ता काही बोलले नाही तर हा ठिपका असाच फिरत राहील. बोलले तर सगळं फुटेल. मी उठले कशी ते मला आजही सांगता येणार नाही.

"फोटो हललेला नाही," मी म्हणाले.

आवाज फार मोठा निघाला. सरांनी लेसर खाली घेतला.

"म्हातारीचे डोळे अगदी स्पष्ट आहेत," मी म्हणाले. "पापण्यासुद्धा दिसतात."

सगळं सभागृह आमच्याकडे बघत होतं. सरांनी हात लांबवून टेबल शोधलं, लेसर त्यावर ठेवला आणि टेबलाची कड धरली. मग ते आपल्या घरच्या बोलीत बोलले, त्या व्हरांड्यातल्यासारखं.

"मॅडम बरोबर बोलते. मले दिसत नाही. डोळे गेले माझे. वर्ष होऊन राहिलं. सांगायचं भेव वाटत होतं." ते कोंढ्याच्या माणसाच्या दिशेनं वळले, पण अंदाज चुकला, दोन खुर्च्या अलीकडे पाहिलं. "तुमची आजी मले दिसली नाही जी. माफ करा."

तो माणूस हळूच खाली बसला.

बोलले ते औषधाचे दुकानवाले. उभे राहून म्हणाले, "म्हणजे वर्षभर आमच्या फोटोंची वाट लावली, ती न पाहता?" त्यांचा आवाज फाटला होता. "मी जंगलात जाणं सोडून दिलं, सर. हात कापतो असं समजून डॉक्टरकडे जाऊन आलो मी. थायरॉईड तपासलं." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

ज्या प्रश्नाला मी इतके दिवस भीत होते तो हाच.

"हो," मी म्हणाले. "काही दिवसांपासून."

ते आपल्या बायकोला घेऊन निघून गेले. त्यांच्या मागे आणखी काही लोक गेले. दार उघडलं की उजेड आत यायचा आणि पडद्यावरची म्हातारी फिकी पडायची, बंद झालं की परत दिसायची. अध्यक्षांनी स्पर्धा रद्द करू का, असं हळूच विचारलं. सरच म्हणाले, "लोक लांबून आले. रद्द नका करू. मॅडम, आता लपवायचं काय राहिलं? मोठ्यानं सांगा काय दिसते ते. परीक्षक म्हणून पुढच्या रांगेतून घ्या तिघं."

पुढे संपेपर्यंत मी प्रत्येक फोटो सांगत गेले. चांगला की वाईट हे नाही, नुसतं काय दिसतं ते. पुढच्या रांगेतले तिघं गुण देत होते. सर मान खाली घालून ऐकत होते. मिरचीच्या फोटोला काही बक्षीस मिळालं नाही. रंग भडक आहेत, असं त्या तिघांचं मत पडलं. मला ते पटलं नाही, पण मी बोलले नाही. कोंढ्याचा माणूस जाताना मला भेटला. "आजीले सांगतो," तो म्हणाला, "तुह्या पापण्या दिसल्या म्हणून." आणि बस गाठायला निघून गेला.

क्लब त्यानंतर काही महिने विस्कटलेलाच होता. औषधाच्या दुकानवाल्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या दुकानात मी नवऱ्याच्या गोळ्या घ्यायला गेले की ते नोकराला पुढे करायचे. त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. उन्हाळ्यात ते परत कोक्याला जायला लागले असं ऐकलं, आणि एके दिवशी गोळ्यांच्या पिशवीसोबत त्यांनी स्वतःच्या मोबाईलमधलं एक हरीण मला दाखवलं, काही न बोलता. मी "छान आहे" म्हटलं. ते म्हणाले, "हललं नाही ना?"

आता परीक्षक नागपूरहून येतात. मी परत फोटो द्यायला लागले आहे. कोणी म्हणतं रचना ढिली आहे, कोणी म्हणतं विषय शिळा आहे. ऐकताना कान अजून गरम होतात. घरी येऊन मी फोटो मोठा करून पाहते आणि जे पटतं ते पटतं म्हणते, नाही पटत ते सोडून देते. एवढाच फरक पडला आहे. पोट मात्र अजून दुखतं. कधी कधी शाळांच्या स्पर्धांना मलाच परीक्षक म्हणून बोलावतात, तेव्हा तर जास्त दुखतं.

सर वाचनालयाचा जिना परत चढले नाहीत. इंजेक्शनं चालू आहेत, कडेचं अजून दिसतं. अधूनमधून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जाते आणि क्लबातले फोटो त्यांना सांगते. मागच्या वेळी धुक्यातल्या तलावाचा एक फोटो होता. मी सांगितलं, पाणी आहे, पलीकडे झाडांची रांग आहे, मधे एक डोंगा आहे.

"डोंग्यात कोण?"

"एक माणूस. जाळं टाकतोय."

"तोंड कोणीकडे त्याचं?"

मी ते पाहिलंच नव्हतं.

"मंग काय पाहिलं मॅडम तुम्ही?" सर म्हणाले. त्यांनी खुर्चीत मान मागे टेकवली होती आणि ते वाट पाहत होते. मी स्क्रीनजवळ वाकले.

"पाठमोरा आहे, सर. झाडांकडे तोंड आहे."

"बरं," ते म्हणाले. "मंग झाडांचं सांगा."